घरचा अभ्यास : हातचा मळ आणि केकचा तुकडा



शाळा सुरू झाल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न ठरलेला असतो. मुलगी गणितात बरी आहे, इतिहास-भूगोल पाठ करते, पण इंग्रजीचे पुस्तक उघडले की तोंड एवढेसे करते. आम्ही दोघेही सातवीपर्यंत शिकलेले. शिकवणीची फी परवडत नाही. मग घरी अभ्यास घ्यायचा तरी कसा? पत्र लिहिणाऱ्या बहुधा आयाच असतात आणि पत्राच्या शेवटी एक वाक्य हमखास असते, 'आम्हाला काही येत नाही हो.'

या शेवटच्या वाक्याशी माझे भांडण आहे. इंग्रजी येत नाही हे खरे असेल, पण काहीच येत नाही हे खरे नाही. इंग्रजीच्या तासाला मराठी शाळेतले मूल अडते ते मुख्यतः दोन ठिकाणी. एक, वाक्याची बांधणी. दुसरे, शब्दाचा जो अर्थ शब्दकोशात दिला आहे तो त्या वाक्यात लागूच पडत नाही तेव्हा; म्हणजे अलंकार आणि वाक्प्रचार यांच्यापाशी. या दोन्ही ठिकाणी जी समज लागते ती मुलापाशी मराठीत आधीच असते, आणि ती त्याला शाळेने नव्हे, तुम्ही दिलेली असते. ती इंग्रजीच्या कामी कशी लावायची एवढेच दाखवायचे राहते.

हे दाखवणे का महत्त्वाचे, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. दहावीला इंग्रजी राहिले म्हणून घरी बसलेली मुले कितीतरी वस्त्यांत आहेत. मुलगा निदान पुन्हा फॉर्म भरतो. मुलीचा विषय राहिला की घरात लग्नाची बोलणी सुरू होतात आणि नर्सिंग, डी.एड., पॉलिटेक्निक हे शब्द त्या घरातून निघून जातात. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीत सुरू होई. म्हणजे आजच्या मुलाला आईवडिलांपेक्षा चार वर्षे अधिक मिळतात. पण वर्षे वाढली तरी पुष्कळ ठिकाणी पद्धत तीच राहिली. शब्दार्थ फळ्यावर, प्रश्नोत्तरे वहीत आणि निबंध पाठ.

तर आधी वाक्य घेऊ.

'सुजाताने राहुलला बोलावले.' हे वाक्य फिरवा. 'राहुलला सुजाताने बोलावले.' आणखी फिरवा. 'बोलावले सुजाताने राहुलला.' कसेही उलटसुलट करा, बोलावणारी सुजाताच राहते. याचे कारण 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय त्या त्या नावाला चिकटलेले आहेत. नाव वाक्यात कुठेही जाऊन बसो, त्याचे काम त्याच्याबरोबर जाते. इंग्रजी नामांना असे प्रत्यय नाहीत. 'सुजाता कॉल्ड राहुल' म्हणजे सुजाताने राहुलला बोलावले. 'राहुल कॉल्ड सुजाता' म्हणजे राहुलने सुजाताला बोलावले. शब्द तेच तीन, एका अक्षराचा फरक नाही, पण जागा बदलल्या आणि काम करणारा बदलला. इंग्रजीत कोण काय करतो हे जागेवरून कळते. पहिली जागा करणाऱ्याची, दुसरी क्रियापदाची, तिसरी ज्याच्यावर क्रिया होते त्याची.

मराठीत क्रियापद आगगाडीच्या गार्डाच्या डब्यासारखे बहुधा शेवटी लागते, आणि इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठच येते. (ही एक उपमा झाली. तिच्याकडे पुढे वळूच.) मूल मराठी वाक्याच्या क्रमाने इंग्रजी शब्द ठेवत जाते, म्हणून घोटाळा होतो. यावर सोपा उपाय आहे. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या करा. धड्यातले एखादे लहानसे वाक्य मुलाला एका चिठ्ठीवर एक शब्द असे लिहायला सांगा, चिठ्ठ्या मिसळा, आणि विचारा, 'कोणी केले? काय केले? कोणाला केले?' मूल मराठीत उत्तर देईल आणि त्या उत्तराच्या क्रमाने चिठ्ठ्या मांडील. हे विचारायला आईला इंग्रजीचे एक अक्षरही यावे लागत नाही.

दोन-तीन जागा मात्र अशा आहेत की तिथे मूल हमखास ठेचकाळते. त्या कळल्या तर त्याला रागे भरण्याची पाळी येणार नाही.

पहिली जागा रिकाम्या कर्त्याची. आपण 'जेवलीस का?' एवढेच विचारतो. 'तू' म्हणायची गरज नसते, कारण 'जेवलीस' या शब्दातच तू आहेस आणि तू मुलगी आहेस हे दोन्ही आले. इंग्रजी क्रियापदात असले काही साठवलेले नसते, म्हणून कर्त्याची जागा रिकामी ठेवून चालत नाही. इतकी चालत नाही की, बसवायला कोणी नसले तर ते उगाच 'इट' बसवतात. 'इट इज रेनिंग.' पाऊस पडतो आहे. मूल विचारते, हे 'इट' म्हणजे कोण? त्याला खुशाल सांगा, कोणी नाही. खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून बसवलेला माणूस आहे तो. तसेच 'आहे' चे. 'माझे नाव सुजाता' हे मराठीत पुरे होते. इंग्रजीत 'इज' घातल्याशिवाय ते वाक्यच होत नाही.

दुसरी जागा 'मला' ची, आणि ही फार मजेची आहे. मला भूक लागली. मला ताप आला. मला राग आला. मला दोन भाऊ आहेत. मराठीत भूक, ताप, राग हे सगळे आपल्याकडे चालत येतात, आपण नुसते सापडतो. इंग्रजीत तसे नाही. तिथे 'मी' पहिल्या खुर्चीवर असतो. 'आय अ‍ॅम हंग्री.' 'आय हॅव अ फीवर.' 'आय हॅव टू ब्रदर्स.' आपले मूल लिहिते, 'टू मी टू ब्रदर्स आर', आणि वही लाल होऊन घरी येते. ही चूक आळसाची नव्हे. उलट मुलाने अगदी इमानाने मराठी वाक्य जसेच्या तसे इंग्रजी कपड्यात उभे केले आहे. 'इंग्रजीत हे माझ्यापासून सुरू होते' एवढे एकदा सांगितले की अशी डझनभर वाक्ये सरळ होतात.

तिसरी जागा प्रश्नाची. आपण वाक्याच्या शेवटी 'का' लावतो की झाला प्रश्न. इंग्रजीत 'डू', 'डज', 'डिड' हे मदतनीस पुढे येऊन उभे राहतात. 'डिड यू गो टू स्कूल?' पुष्कळ मुले इथे 'डिड यू वेन्ट' लिहितात. भूतकाळाचे ओझे 'डिड' ने उचललेले आहे, म्हणून मागच्या क्रियापदाने पुन्हा ते उचलायचे नाही. ते मूळच्या रूपात 'गो' च राहते. एक हंडा दोघींनी डोक्यावर घ्यायचा नसतो, असे सांगितले की मुलींना चटकन पटते.

आणि एक सांगते. मूल हिरमुसले तर त्याला मराठीचा हिशेब दाखवा. जातो, जाते, जातोस, जातेस, जातात. वर्तमानकाळात इंग्रजीत याच्या बदल्यात फक्त 'गो' आणि 'गोज'. आपण 'पोळी खाल्ली', 'आंबा खाल्ला', 'केळे खाल्ले' म्हणतो. खाणारा एकच, पण खाल्लेल्या वस्तूप्रमाणे क्रियापद बदलते. मराठी शिकायला बसलेल्या परक्या माणसाला इथे घाम फुटतो, आणि आपले मूल शाळेत जाण्यापूर्वीच हे सगळे न चुकता बोलत असते. ज्याने एवढे केले त्याला इंग्रजी वाक्य अवघड म्हणणे बरोबर नाही.

आता दुसरी गाठ. मला विचाराल तर ही अधिक गोड आहे.

धड्यात वाक्य येते, 'द टेस्ट वॉज अ पीस ऑफ केक.' मूल शब्दकोश उघडते. पीस म्हणजे तुकडा. केक म्हणजे केक. चाचणी केकचा तुकडा होती! आता यातून काय समजायचे? मूल ते पाठ करते आणि पुढे जाते. पण हेच मूल क्रिकेट खेळून आल्यावर मित्राला सांगत असते, 'अरे, तो कॅच म्हणजे माझ्या हातचा मळ.' तेव्हा कोणी त्याचे हात धुवायला नेत नाही. मळ म्हणजे मळ नव्हे, सोपे काम, हे सर्वांना कळते. इंग्रज ज्याला केकचा तुकडा म्हणतो त्याला आपण हातचा मळ म्हणतो. हे एकदा शेजारीशेजारी ठेवून दाखवले की मूल हसते, आणि जे हसून समजले ते सहसा विसरत नाही.

सकाळी सात ते आठ या एका तासात तुमच्या स्वयंपाकघरात किती वाक्प्रचार बोलले जातात ते एक दिवस मोजून पाहा. पोटात कावळे ओरडतात. पोरांनी घर डोक्यावर घेतले. मी ओरडते आणि हा कानाडोळा करतो. या दिवट्याने नाकी नऊ आणले. डोळ्यात तेल घालून राखण केली तेव्हा दूध उतू गेले नाही. यातले एकही शब्दशः खरे नाही. कोणाच्या पोटात कावळा नाही, डोळ्यात तेल नाही. तरी चार वर्षांच्या मुलालाही अर्थ कळतो. अलंकारिक भाषा ही कवींची मिरास आहे असा समज शाळेत होतो. खरे तर ती निवडणे-टिपणे करणाऱ्या बायकांच्या तोंडी अधिक असते.

उलट बाजूने पाहिले की ही गोष्ट आणखी पक्की होते. 'तो मला पाण्यात पाहतो' याचे शब्दशः इंग्रजी करा. 'ही सीज मी इन वॉटर.' इंग्रजाला वाटेल, कोणी पोहायला गेले असावे. आपल्याला मात्र त्यातला द्वेष लगेच कळतो. म्हणजे इंग्रजीच विचित्र आहे असे नव्हे. प्रत्येक भाषेत असे घरचे करार असतात, ते बाहेरच्याला सांगावे लागतात.

काही ठिकाणी दोन भाषांतले करार दिसायला सारखे आणि अर्थाने भलतेच असतात, तिथे सांभाळावे. आपण गोंगाट केला की 'घर डोक्यावर घेतले' म्हणतो. इंग्रजीत 'शी ब्रॉट द हाउस डाउन' म्हटले तर मूल म्हणेल, हिने घर पाडले किंवा दंगा केला. तसे नाही. तिथे 'हाउस' म्हणजे नाटकगृहातले प्रेक्षक, आणि अर्थ असा की तिच्या गाण्याला किंवा अभिनयाला टाळ्यांचा कडकडाट झाला.

वाक्प्रचारांत त्या त्या देशाची हवाही उतरलेली असते. इंग्लंड थंड. तिथे ऊब मिळणे म्हणजे सुख. म्हणून त्यांचे चांगले स्वागत 'वॉर्म' असते, म्हणजे उबदार, आणि तुटकपणे वागवले की तो 'कोल्ड' वागला. अनोळखी माणसांतला संकोच मोडायचा तर ते 'ब्रेक द आइस' म्हणतात, बर्फ फोडला. आपल्याकडे चैत्र-वैशाखात अकोल्याला किंवा नागपूरला राहणाऱ्या माणसाला ऊब कशाला हवी? आपल्याला गारवा हवा. म्हणून मुलगी पास झाल्यावर आईचे काळीज थंड होते, नातवंड पाहून आजीचे डोळे निवतात. 'माझे काळीज थंड झाले' याचे कोणी शब्दशः इंग्रजी केले तर वाचणारा समजेल की या बाईची माया आटली! मुलांना हे सांगून पाहा. सूर्य दोघांवरही एकच, पण एकाला तो हवासा आणि दुसऱ्याला नकोसा, आणि भाषेने ते बरोबर टिपून ठेवले आहे. पाठ्यपुस्तकात हे सहसा सांगितलेले नसते, आणि हे सांगितले की मुलांना भाषेचा कंटाळा येत नाही.

आता परीक्षेतला भाग. दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेवर प्रश्न असतो आणि त्यात अलंकार ओळखायला सांगतात. बाजारातल्या गाइडात अलंकारांच्या व्याख्या असतात. मुले त्या घोकतात आणि कवितेत 'लाइक' शब्द दिसला की डोळे मिटून उपमा लिहून मोकळी होतात. इथेच वाक्याची बांधणी उपयोगी पडते. 'आय लाइक मँगोज' यात 'लाइक' आहे, पण उपमा नाही. इथे 'लाइक' हे क्रियापद आहे, आवडते या अर्थाचे. दुसऱ्या जागेवर बसले आहे, पाहा. 'ही रॅन लाइक द विंड' यात दुसऱ्या जागेवर 'रॅन' आहे. 'लाइक' मागे उभे राहून 'सारखा' एवढेच काम करते आहे. तो वाऱ्यासारखा धावला. ही उपमा.

तरी एक फसगत उरतेच. 'शी लुक्स लाइक हर मदर.' ती आईसारखी दिसते. 'सारखी' आले, मग उपमा का नाही? मराठीच्या तासाला हेच शिकवलेले असते की नुसते साम्य म्हणजे उपमा नव्हे. मुलगी आईसारखी दिसते ही साधी माहिती झाली. माणसाची तुलना वाऱ्याशी, डोळ्यांची तुलना ताऱ्यांशी, अशा निराळ्या जातीच्या दोन गोष्टी शेजारी आणल्या की अलंकार होतो. म्हणून मुलांनी उत्तरात नुसते नाव लिहून थांबू नये. कोणाची तुलना कोणाशी आणि कोणत्या गुणासाठी, हे एका वाक्यात लिहावे.

'सारखा' काढून टाकला आणि दोन्ही एकच आहेत असे म्हटले की रूपक होते. मराठीतही तीच सीमा, इंग्रजीतही तीच. रूपक शिकवायला कवितेचे पुस्तक कशाला हवे? बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणतो. मुलाला विचारा, बाबासाहेबांनी छिन्नी-हातोडा घेऊन दगड फोडला काय? ते म्हणेल, छे. मग शिल्पकार का म्हणायचे? थोडा विचार करून ते सांगेल, शिल्पकार जसा दगडातून मूर्ती घडवतो तशी त्यांनी घटना घडवली म्हणून. झाले, त्याला रूपक समजले. आता आणखी एक गंमत सांगा. इंग्रजीत त्यांनाच 'आर्किटेक्ट ऑफ द कॉन्स्टिट्यूशन' म्हणतात. आर्किटेक्ट म्हणजे इमारतीचा आराखडा काढणारा. माणूस एक, काम एक, पण मराठीला त्या कामात मूर्ती दिसली आणि इंग्रजीला इमारत. दोन्ही भाषांनी आपापले रूपक केले. आणि शिक्षण म्हणजे वाघिणीचे दूध, हे तर आपल्याकडे भिंतीभिंतीवर लिहिलेले असते. वाघीण बांधली कोणी आणि दूध काढले कोणी, असे आजवर कोणी विचारले नाही!

मोठ्या मुलांसाठी आणखी एक उदाहरण देते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' चा पहिला अंक निघाला. त्यातल्या आपल्या मराठी लेखात बाबासाहेबांनी समाजाला एका मनोऱ्याचे रूपक दिले. एक एक जात हा त्याचा एक एक मजला, पण या मनोऱ्याला एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला शिडीच नाही. पुढे लाहोरच्या परिषदेसाठी तयार केलेले आणि प्रत्यक्षात होऊ न शकलेले भाषण त्यांनी १९३६ साली इंग्रजीत स्वतः छापून प्रसिद्ध केले. त्यात ते सांगतात की जात ही विटांची भिंत किंवा काटेरी तारेचे कुंपण नव्हे, ती मनात बसलेली कल्पना आहे. पहिल्या ठिकाणी त्यांनी चित्र उभे केले आणि दुसऱ्या ठिकाणी चित्र मुद्दाम खोडले. भिंत असती तर पाडता आली असती, मनातली गोष्ट पाडायची तर मन बदलावे लागते, हे दाखवायला त्यांना तसे करणे भाग होते. म्हणजे अलंकार हा नटण्यामुरडण्याचा दागिना नव्हे. मुद्दा डोळ्यांपुढे उभा करण्याचे ते हत्यार आहे. दहावीच्या मुलाने हा फरक आपल्या शब्दांत सांगितला तर त्याला व्याख्या पाठ नसली तरी चालेल, असे माझे मत आहे.

बाकीचे अलंकार भरभर सांगते. निर्जीव वस्तू माणसासारखी वागू लागली की चेतनगुणोक्ती. वारा कुजबुजला, दिवा डोळे मिचकावू लागला. अतिशयोक्ती तर आपल्याला शिकवायलाच नको. 'शंभरदा सांगितले तुला' हे कोणत्या घरात ऐकू येत नाही? अनुप्रासाबाबत एक सावधगिरी हवी. मराठीत जसे लिहितो तसे बोलतो, म्हणून अनुप्रास डोळ्यांनीही दिसतो. इंग्रजीत तो कानाने ओळखावा लागतो. 'सिटी' आणि 'कॅट' दोन्ही 'सी' अक्षराने सुरू होतात, पण ध्वनी निराळे, म्हणून तिथे अनुप्रास नाही. 'काइट' आणि 'कॅट' यांची पहिली अक्षरे निराळी, ध्वनी मात्र एकच. तेव्हा कविता मोठ्याने वाचून घ्या. तुम्ही डोळे मिटून ऐका आणि सारखा आवाज आला की टाळी वाजवा. आईचा कान इथे शिक्षकाच्या कानाइतकाच चांगला.

काही मुले वाक्प्रचार शिकली की निबंधात जिथे तिथे पेरतात. मुसळधार पावसाला मांजरे-कुत्री पडल्याचे 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या पाठ करून घेतले जाते. आता ते जुनाट वाटते, पण गाइडवाले सोडायला तयार नाहीत. 'इट इज रेनिंग हेविली' असे साधे, सरळ, चूक नसलेले वाक्य लिहिणाऱ्या मुलाला कमी समजू नये. मोबाइलवर हल्ली कशाचेही भाषांतर निघते. अडले तर जरूर पाहावे. मात्र परीक्षेच्या हॉलमध्ये मोबाइल नसतो, आणि केकचा तुकडा म्हणजे हातचा मळ हा शोध आपला आपण लावण्यातली मजाही त्यात नसते.

तर रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे. विहारात किंवा समाजमंदिरात अभ्यासिका असेल तर तिथे चार मुले एकत्र बसवून हेच करता येईल. मुलाने इंग्रजी वाक्य वाचावे आणि त्याचा मराठी अर्थ सांगावा. तुम्ही फक्त दोन प्रश्न विचारायचे. पहिला, 'कोणी काय केले?' उत्तर आले नाही तर वाक्याची बांधणी समजलेली नाही, चिठ्ठ्या काढा. दुसरा, 'खरेच असे झाले काय?' मूल 'हो' म्हणाले तर पुढच्या वाक्यावर जा. 'नाही, असे कसे होईल?' म्हणाले तर थांबा, तिथे अलंकार किंवा वाक्प्रचार आहे, आणि मग तिसरा प्रश्न आपोआपच येतो, 'मग आपण मराठीत याला काय म्हणतो?'

या आठवड्याचा स्वाध्याय देते. वाक्ये मुलांनी मोठ्याने वाचावीत. 'हर व्हॉइस वॉज म्यूझिक टू माय इअर्स.' 'आय लाइक हॉट टी.' 'द ओल्ड बस ग्रोन्ड अप द हिल.' 'ही ईट्स लाइक अ बर्ड.' 'शी सिंग्ज लाइक हर आन्ट.' 'आय हॅव टोल्ड यू अ थाउजंड टाइम्स.' यांतल्या दोन वाक्यांत अलंकार नाही. ती कोणती आणि का नाही, ते शोधावे. उरलेल्या चारांत कोणता अलंकार आहे ते लिहावे. 'ग्रोन' म्हणजे कण्हणे, एवढी मदत पुरे. 'ही ईट्स लाइक अ बर्ड' साठी तुमच्या घरात काय म्हणतात तेही कळवा. विदर्भात एक, कोकणात दुसरे असणारच.

आयांसाठी वेगळा स्वाध्याय आहे. आठवडाभर कानावर पडलेले पाच वाक्प्रचार लिहून काढा. गावाकडचे असतील तर फारच उत्तम. उत्तरे पुढील अंकात देऊ. पत्रावर मुलाची इयत्ता लिहायला विसरू नये.